साखरेचे पाच डबे

माझ्या ओट्याखाली साखरेचे पाच डबे आहेत. नवीन शिकायला आलेल्या मुली पहिल्या दिवशी ते बघतात आणि विचारतात, "ताई, साखर ती साखर, पाच डबे कशाला?" मी लगेच उत्तर देत नाही. प्रत्येक डब्यातली चिमूटभर साखर दोन बोटांत चोळायला सांगते, मग जिभेवर ठेवायला. चहाची जाड साखर बोटांना टोचते. तिच्या शेजारची बारीक साखर रव्यासारखी लागते. तिसऱ्या डब्यातली घरी दळलेली पिठीसाखर मऊ असते, पण मधेच एखादा कण करकरतो. चौथ्यातली विकतची आयसिंग शुगर बोटांवरून पावडरीसारखी घसरते आणि जिभेवर विरघळायच्या आधी क्षणभर पिठूळ लागते. पाचव्या डब्यात तगार. तिचं पुढे सांगते.

मी अमळनेरला २०१६ पासून घरून केकच्या ऑर्डरी घेते. लोक विचारतात क्रीम कोणतं, फ्लेवर कोणता, फोटोतल्यासारखा होईल ना. साखरेचं कुणी विचारत नाही. केकवरचा थर मात्र उभा राहतो तो साखरेवर, आणि ढासळतो तोही बहुतेक वेळा साखरेचं गणित चुकलं म्हणूनच. मला हे कळायला दोन वर्षं आणि एक वाढदिवस लागला.

आधी नावांचं. इंग्लंडकडे केकवरच्या सगळ्याच थरांना आयसिंग म्हणतात. अमेरिकेत पातळ, चकचकीत, वाळून कडक होतं ते आयसिंग आणि लोण्याचं किंवा क्रीमचं जाड, फुललेलं असतं ते फ्रॉस्टिंग. आपल्याकडे बेकरीत दोन्हीला सरसकट क्रीम म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे फोनवर कुणी "क्रीमचा केक" म्हणालं की मला चार प्रश्न विचारावे लागतात. केक कधी कापणार, कुठे कापणार, तिथे फ्रिज आहे का, आणि कूलर चालू असणार का. शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. त्यावर येतेच मी.

तो वाढदिवस २०१८ च्या मे महिन्यातला. पारोळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात बाळाचा पहिला वाढदिवस, दोन किलोचा केक, वर बटरक्रीमचे गुलाब. तोपर्यंत मी बटरक्रीम व्हिडिओ बघून शिकले होते. २५० ग्रॅम लोणी, ५०० ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे दूध, व्हॅनिला. रात्री दोन वाजता, जरा गार झाल्यावर, मी एकेक पाकळी काढली. सकाळी फ्रिजमधून काढला तेव्हा केक इतका देखणा होता की मी त्याचे वीस तरी फोटो काढले. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या ठेवून संध्याकाळी पाचला आम्ही गावात पोहोचलो. अंगणात मांडव, मांडवावर हिरवं कापड, त्याखाली टेबल. केक टेबलावर ठेवला आणि पाहुणे यायची वाट बघत सगळे उभे राहिले.

गुलाब आधी चमकायला लागले. मला वाटलं, उजेड पडलाय. पण ती चमक म्हणजे लोण्यातली चरबी सुटत होती. मग पाकळ्यांच्या कडा गोल झाल्या, मग वरचा मोठा गुलाब सावकाश एका बाजूला कलला आणि केकच्या कडेवरून खाली उतरत गेला. मागे पिवळट ओघळ. मी सुरी घेऊन तो उचलला, बाजू सारखी केली, बाळाच्या आईने काही बोलून दाखवलं नाही, केक कापला गेला. बाळाच्या आजीने मात्र बोटावर थोडं क्रीम घेतलं, चाखलं आणि म्हणाल्या, "हाई ते भलतं गोड शे. नि दातमा कचकच लागस."

परत येताना गाडीवर मी रडले. वितळलं ते ऊन होतं म्हणून, हे समजत होतं. पण कचकच का? साखर तर मी दळून घेतली होती.

घरी जीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवर बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "त्यामा पानी कितलं व्हतं?"

जीजींनी आयुष्यात कधी केक केलेला नाही. पण संक्रांतीचा हलवा, नव्या सुनेचे हलव्याचे दागिने, दिवाळीचे पाकातले लाडू हे त्यांनी चाळीस वर्षं केलं आहे, आणि साखर म्हटलं की त्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न पाण्याचा येतो. मी म्हटलं, पाणी नव्हतंच, लोणी होतं. त्या म्हणाल्या, मग साखर विरघळेल कशात?

आज मी मुलींना शिकवते तेव्हा याच प्रश्नापासून सुरू करते. साखर पाण्यात विरघळते, चरबीत विरघळत नाही. विकतच्या लोण्यात चरबी ८० टक्के आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के असतं. म्हणजे २५० ग्रॅम लोण्यात पाणी फार तर ४० ग्रॅम. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. तर त्या ४० ग्रॅम पाण्यात विरघळणार ८० ग्रॅम. आपण घातली ५०० ग्रॅम. उरलेली ४२० ग्रॅम साखर लोण्यात नुसती पसरलेली असते, कणाकणाने. कितीही फेटा, ती तशीच राहते. वर दोन चमचे दूध घातलं तर आणखी पन्नासेक ग्रॅम विरघळेल, पण क्रीम सैल होईल. म्हणून बटरक्रीममध्ये साखर विरघळवायच्या नादाला लागायचं नसतं. कण इतका बारीक हवा की जिभेला तो कळताच कामा नये.

आणि मिक्सरमध्ये दळलेली साखर तितकी बारीक नसते. ती मऊ दिसते, कारण बहुतेक कण बारीक झालेले असतात, पण पात्याच्या वर उडालेले काही दाणे अर्धेच फुटतात. ते दाताखाली येतात. मी आता कोरड्या भांड्यात थोडी थोडी साखर दळते, मिक्सर सारखा चालवत नाही, कारण भांडं तापलं की साखर आतून ओलसर होऊन कडेला बसते. मग जुन्या मलमलच्या ओढणीतून चाळते. पिठाच्या चाळणीने भागत नाही. ओढणीत जे उरतं ते पुन्हा मिक्सरमध्ये. हात भरून येतात, पण आठवड्याला दोन किलोच्या वर लागत नसेल तर हे घरी जमतं.

दळायला साखर कोणती घ्यायची, हेही किराणा दुकानात विचारून घ्यावं. साखरेच्या पोत्यावर एस-३०, एम-३० असं छापलेलं असतं. अक्षर दाण्याचं: एस लहान, एम मध्यम, एल मोठा. आकडा रंगाचा, म्हणजे पांढरेपणाचा. चहाला लोकांना जाड एम आवडते. मला दळायला आणि केकच्या घोळात फेटायला एस लागते. पाककृतीत कॅस्टर शुगर लिहिलेलं असतं ना, त्याला मी एस साखर मिक्सरमध्ये चार-पाच झटके देऊन वापरते. नाव मोठं आहे, पण ती आपली दाणेदार साखरच, जरा बारीक केलेली.

विकतच्या आयसिंग शुगरमध्ये साखरेबरोबर तीन ते पाच टक्के स्टार्च असतो, बहुतेक मक्याचा, म्हणजे आपण ज्याला कॉर्नफ्लोर म्हणतो तो. साखर हवेतली ओल ओढून घेते आणि तिचे खडे होतात. स्टार्च ती ओल स्वतःकडे घेतो. घरी करायची तर एक वाटी साखरेला चमचाभर कॉर्नफ्लोर घालून दोन्ही एकत्र दळावं. जुलै-ऑगस्टमध्ये बोरी नदीला पाणी येतं तेव्हा हे केल्याशिवाय माझा तिसरा डबा टिकत नाही, दुसऱ्या दिवशी त्यात ढेकळं होतात. मे महिन्यात मात्र आपल्याकडे हवेत ओल नावाला नसते, तेव्हा मी स्टार्च घालत नाही, पिठूळ चव तेवढीच टळते. एकदा एका घरी आषाढी एकादशीला वाढदिवस आला आणि आजोबांनी विचारलं, हे वरचं उपासाला चालेल का. मी दाण्याच्या कुटाचा आणि राजगिऱ्याचा केक करून वरच्या आयसिंगच्या साखरेत मक्याऐवजी आरारूट घातलं. काम तेच करतं, आणि आजोबांनी समाधानाने खाल्लं.

तर कचकच गेली. गोडी राहिली. लोण्याच्या दुप्पट साखर म्हणजे आपल्या जुन्या माणसांना नकोच वाटतं, आणि साखर कमी केली की क्रीम उभं राहत नाही, कारण त्या न विरघळलेल्या साखरेनेच त्याला आधार दिलेला असतो. यावरचा उपाय मला फार उशिरा सापडला आणि तो मी आज सगळ्यांना सांगत फिरते. मैद्याचं बटरक्रीम. अमेरिकेत याला अर्मीन फ्रॉस्टिंग म्हणतात, रेड व्हेल्व्हेट केकवर पूर्वी हेच लावत.

पाव लिटर दूध, २०० ग्रॅम साखर, चार चमचे म्हणजे साधारण ३५ ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. गार दुधात मैदा गुठळी न राहता कालवायचा, साखर घालायची आणि मंद आचेवर सतत हलवत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग उलथन्याला तळाशी किंचित जडपणा जाणवतो. इथे हात थांबला की गुठळ्या झाल्याच. दोन मिनिटांत ते पिठल्यासारखं होतं, उलथनं फिरवल्यावर मागे वाट राहते आणि ती लगेच भरून येत नाही. तेव्हा उतरवायचं. साय धरू नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद अगदी टेकवून लावायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, भांड्याच्या बुडाला हात लावून बघा. कोमट असताना लोण्यात घातलं की लोणी वितळलं आणि सगळं गेलं. मग २५० ग्रॅम मीठ नसलेलं लोणी पांढरं होईपर्यंत फेटायचं आणि हे गार मिश्रण चमच्या-चमच्याने घालत जायचं. मधे एकदा ते फाटल्यासारखं दिसतं. घाबरू नका, फेटत राहा. बघता बघता ते सायीसारखं एकजीव होतं.

यात कोणती साखर? दुसऱ्या डब्यातली, साधी, न दळलेली. पाव लिटर दुधात पाणी दोनशे ग्रॅमच्या वर असतं, त्यात २०० ग्रॅम साखर सहज विरघळते. जीजींचा प्रश्न इथे सुटतो. साखरेला हवं तेवढं पाणी मिळालं, मैद्याने ते पाणी बांधून ठेवलं, आणि लोण्याला आधार द्यायला साखरेचे कण लागलेच नाहीत. ५०० ऐवजी २०० ग्रॅम. अंडंही नाही. आमच्या गावातल्या जैन आणि मारवाडी घरांत हे चालतं, म्हणून अंड्याच्या पांढऱ्यात ११८ अंशांचा गरम पाक धारेने सोडून करतात ते इटालियन मरँग बटरक्रीम मी फार थोड्यांसाठी करते. चवीला ते सगळ्यांत हलकं, यात वाद नाही.

लोण्यावरून एक गोष्ट. घरच्या सायीचं लोणी वापरा असं बऱ्याच जणी सुचवतात. मी वापरून बघितलं. त्यात ताक राहतं, पाणी किती आहे ते दर वेळी वेगळं, आणि आंबूस वास साखरेखालीही लपत नाही. गार पाण्यात चार वेळा धुऊन, हाताने दाबून पाणी काढलं तर चालतं. पण ते भाकरीवर जास्त शोभतं.

वनस्पती तुपाबद्दल मात्र अमळनेरच्या माणसाने जरा थांबून बोलायला हवं. विप्रोचं नाव जगात संगणकामुळे झालं, पण कंपनी १९४५ साली इथे सुरू झाली ती तेलाची आणि वनस्पतीची. माझे सासरे तिथे कामाला होते. आमच्या लहानपणी बेकरीत मिळायचे ते गुलाबी-हिरव्या फुलांचे केक, वर लाल चेरी, ती चेरीसुद्धा बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असायची, ते क्रीम लोण्याचं नसायचं. वनस्पतीत साखर फेटलेली असायची. मेमध्येही ते फूल हलायचं नाही, कारण लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि वनस्पती त्याच्यापेक्षा जास्त उष्णता सोसतं. पण जे तोंडाच्या उष्णतेलाही पूर्ण वितळत नाही ते टाळूला चिकटून राहतं. त्या केकची ती मेणचट आठवण माझ्या वयाच्या प्रत्येकाला असेल. शिवाय ट्रान्स फॅट. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-वनस्पतीत दोन टक्क्यांच्या वर ते चालत नाही, हा नियम झाला हे फार बरं झालं. मी उन्हाळ्यात एक भाग शॉर्टनिंग, म्हणजे वनस्पतीसारखी घट्ट चरबी, आणि दोन भाग लोणी घेते आणि गिऱ्हाइकाला तसं सांगते. सांगितल्याशिवाय घालत नाही.

आता कूलर.

खान्देशातल्या कुणालाही मे महिना समजावून सांगायची गरज नाही. दुपारी ४४-४५ अंश, रात्री अकरालाही भिंती गरम. लोणी फेटायला २० अंशांच्या आसपास गारवा लागतो. एसी माझ्याकडे नाही, वाळ्याचा कूलर आहे. सुरुवातीला मी कूलरसमोर बसूनच सगळं करायची, बटरक्रीमही आणि रॉयल आयसिंगही, म्हणजे साखरेचं वाळून कडक होणारं आयसिंग. बटरक्रीम जमायचं. रॉयल आयसिंगची फुलं मात्र दोन-दोन दिवस चिवट राहायची, बोट लावलं की चिकटायची. मी साखर बदलली, लिंबाचे थेंब कमी-जास्त केले, काही उपयोग नाही. कूलर हवा गार करतो तो पाणी उडवून. म्हणजे खोली गार होते तशी ओलीही होते. लोण्याला गारवा हवा असतो, ओल चालते. साखरेच्या फुलाला उष्णता चालते, ओल चालत नाही. हे लक्षात आल्या दिवसापासून माझ्या कामाचे दोन भाग झाले. लोण्याचं काम रात्री, कूलर लावून. साखरेचं काम दुपारी, कूलर बंद, खिडक्या उघड्या, घाम पुसत. दुपारी दोन वाजता काढलेलं फूल संध्याकाळी वाजवलं तर टक् असा आवाज येतो.

आणि मग वाटलं, अरे, हे तर आपल्या उन्हाळ्याचं आयसिंग आहे! रॉयल आयसिंगमध्ये चरबी अजिबात नाही. अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगर, दोन अंड्यांना साधारण ४५० ग्रॅम, लिंबाचे चार थेंब. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० च्या लग्नातल्या केकमुळे त्याला रॉयल म्हणायला लागले असं सांगतात. चरबीच नाही तर वितळणार काय? साखर वितळायला १८० अंशांच्या वर जावं लागतं, तेवढं ऊन अजून तरी पडत नाही. अंडं न खाणाऱ्यांसाठी मी काबुली हरभरे बिनमिठाचे शिजवून त्याचं पाणी आटवून घेते. तीन मोठे चमचे पाण्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास साखर. फेटलं की पांढराशुभ्र फेस येतो, आणि वाळल्यावर हरभऱ्याचा वास राहत नाही. भांड्याला तुपाचा नुसता हात लागलेला असेल तरी फेस बसतो, म्हणून भांडं आधी लिंबाच्या फोडीने पुसून घ्यायचं. इथे मात्र चौथा डबाच लागतो. नळीचं तोंड सुईएवढं असतं, एक कण अडकला की रेघ तुटते.

रॉयल आयसिंगचे थर देताना घाई झाली की मी जीजींचा हलवा आठवते. थंडीत, पौषाच्या पहाटे, मंद शेगडीवर पितळी परात, परातीत मूठभर तीळ. एका वाटीत एकतारी पाक, त्यातली मळी दूध घालून काढलेली. चमच्याने थेंब-थेंब पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवायचे. पाक ओला असतो तोवर दाणे बोटांना चिकटतात. थोड्या वेळाने सुटे होतात. पूर्ण वाळले की परातीत वाळू सांडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आल्याशिवाय जीजी पुढचा चमचा घालत नाहीत. मी एकदा घातला. काटा आला नाही, दाण्यांचा गोळा झाला. त्या रागावल्या नाहीत, परात पुसली आणि नवे तीळ घेतले. प्रत्येक थरातलं पाणी निघून जाऊन साखरेचा स्फटिक बसला पाहिजे, मगच त्यावर दुसरा बसतो. केकवर एका रंगाशेजारी दुसरा रंग भरतानाही हेच. पहिला वाळला नसेल तर लाल पांढऱ्यात उतरतो.

पाचव्या डब्यातली तगार ही जीजींचीच. साखरेचा पाक चांगला आटवायचा, चमचाभर तूप सोडायचं, खाली उतरवून घोटत राहायचं. घोटता घोटता पाक पांढरा होतो, घट्ट होतो आणि एकदम भुगा होऊन सुटतो. केकवर ओतायचं फोंडंट करतात ते याच वाटेवर अर्ध्यात थांबून. ११५ अंशांपर्यंत शिजवलेला, म्हणजे आपला गोळीबंद पाक, निववायचा आणि घोटायचा. कण इतके बारीक पडतात की मलईसारखं लागतं. थोडं पुढे गेलात की तगार. मी ती नानकटाईत घालते आणि साध्या केकवर भुरभुरते. तिच्यात स्टार्च नाही, म्हणून पिठूळ लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. लाटून घालायच्या फोंडंटमध्ये जिलेटिन असू शकतं, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय घेऊ नका. उन्हाळ्यात ते आपल्याकडे चिरा पडून फाटतं आणि पावसाळ्यात घाम सुटतो. व्हिप क्रीमचं बिनदुधाचं पाकीट आधीच गोड असतं, त्यात साखर घालू नका. दुधाचं क्रीम फेटायचं तर ३० टक्क्यांच्या वर फॅट हवं, भाजीत घालतो ते २५ टक्क्यांचं उभं राहत नाही. त्यात चमचाभर आयसिंग शुगर घातली की तिच्यातल्या स्टार्चचा इथे आधारच होतो. गनाश एरवी चॉकलेट आणि क्रीम सारख्याला सारखं, मेमध्ये दुप्पट चॉकलेट. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब पडला की ते गोळा होतं, त्यातली साखर ओली होऊन सगळ्याला धरते म्हणून. क्रीम चीज महाग पडतं तिथे चक्का वापरते, रात्रभर टांगून, वर वजन ठेवून. साखर अगदी शेवटी, हलक्या हाताने. श्रीखंड करणाऱ्या कुणालाही माहीत आहे, साखर पडली की चक्का सैल होतो.

गुळाचं फ्रॉस्टिंग मात्र हल्ली फार मागतात. मी ते थंडीतच करते. गूळ हवेतली ओल साखरेपेक्षा जास्त ओढतो आणि गरम दुधात गूळ घातला तर दूध फाटायची भीती. मैद्याची खळ पाण्यात शिजवून, गुळाचा पाक वेगळा करून गाळून, दोन्ही गार झाल्यावर एकत्र करायचं. रंग फिकट तपकिरी येतो आणि चव अशी की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आल्यासारखं वाटतं.

गेल्या होळीला आमच्याच गल्लीत एका बाळाची पहिली होळी होती. आपल्याकडे बाळाच्या गळ्यात साखरेचं हार-कंगन घालतात. बाळाची आई म्हणाली, केकवरही तेच करून दे. मी चार दिवस आधी बसले. कूलर अजून काढलेलाच नव्हता, हवा कोरडी. बटर पेपरवर रॉयल आयसिंगची गोल पदकं काढली, मधे फुलं, कडेला दाणे, पांढरी आणि थोडी गुलाबी. तिसऱ्या दिवशी जीजी आत आल्या, एक पदक उचललं, नखाने वाजवलं, उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघत होत्या.

"दोरा कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हे केकवर चिकटवायचं आहे, दोरा कशाला. त्या काही बोलल्या नाहीत. आपल्या पेटीतून पांढऱ्या सुताची गुंडी काढून माझ्यासमोर ठेवली आणि बाजूला बसल्या. मी नवीन आयसिंग फेटलं. कागदावर सूत ताणून धरलं, त्याच्यावरून एकेक पदक काढलं, आणि जीजींनी दोन्ही टोकं सुकेपर्यंत हलू नयेत म्हणून त्यांवर दोन वाट्या ठेवल्या.